मुलाला एकच मित्र आहे, काळजी करू का?

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. वर्गात त्याला एकच मित्र, सोसायटीतल्या मुलांत खेळायला जात नाही. लहानपणी मित्र नसतील तर मोठेपणी व्यक्तिमत्त्व विकार होतो, असं व्हॉट्सॲपवर वाचलं. तेव्हापासून झोप उडाली आहे.
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, तो मेसेज आधी डिलीट करा. व्यक्तिमत्त्व विकारामागे आनुवंशिकता, मूळ स्वभाव, दीर्घकाळचा छळ किंवा हेळसांड अशी अनेक कारणं गुंतलेली असतात. मित्र कमी आहेत एवढ्यानं तो होत नाही. हे निदान सहसा १८ वर्षांआधी केलंही जात नाही.

मुलांना खरा आधार कशाचा असतो, ते पाहा. हवाईतल्या काउई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं अशा खडतर परिस्थितीतल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं उत्तम सावरली. त्यांच्या आयुष्यात वारंवार एक गोष्ट दिसली : जीव लावणारं किमान एक मोठं माणूस. तुमच्या मुलाजवळ तुम्ही आहात, शिवाय एक मित्रही!

त्या मित्राला सुटीत घरी बोलवा. घोळक्यात ढकलू नका आणि पाहुण्यांसमोर ‘आमचा घुम्या आहे’ हे तर मुळीच नको.

मात्र तो अचानक अबोल झाला, शाळा टाळू लागला, कोणी त्रास देतंय असं वाटलं किंवा जिवाचं बरंवाईट करण्याविषयी बोलला, तर थांबू नका. बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.