परवाना : मेहेरबानी की हक्क?

(द्वितीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

'परवाना' हा शब्द मराठीत फारसीतून आला. शब्दाबरोबर त्यामागची भावनाही आली. देणारा मोठा, घेणारा लहान. दिले तर उपकार, काढून घेतले तर नशीब! राज्यशास्त्राच्या तासाला 'कायद्याचे राज्य' ही कल्पना शिकताना माझ्या मनात एक प्रश्न उभा राहिला. बंदुकीचा, शिकारीचा किंवा मासेमारीचा परवाना सरकारने काढून घेतला, तर सामान्य माणसाला आपली बाजू मांडता येते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न मी प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम शिकारीचा परवाना पाहू. मुंबई राज्यात वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा १९५१ साली झाला. पुढे १९७२ चा केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही सुरुवातीला मोठ्या शिकारीचा, लहान शिकारीचा, प्राणी पकडण्याचा असे वेगवेगळे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ही सारी पद्धत बंद झाली. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. एखाद्याचा परवाना अधिकाऱ्याने रद्द केला तर त्याला बचाव असतो. परंतु कायद्याने परवान्याची जातच संपवली, तर कोणा एकाची सुनावणी होत नाही. कारण तेथे आरोपी कोणीच नसतो. ही दुरुस्ती झाली नसती तर आज रानात किती जनावरे उरली असती, याचाही विचार करावा लागेल.

मग आता काय उरले? मी पासलीचा. वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या वाटेवरचे आमचे गाव. भात, नाचणी, वरई ही आमची पिके. भात निसवू लागले की रानडुकरांचे कळप उतरतात आणि वर्षाचे पोट एका रात्रीत तुडवले जाते. डोंगराकडच्या गावांत काही जुन्या घरांतून शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुका परवान्यावर दिलेल्या आहेत. पुष्कळांची समजूत अशी, की हा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची मुभा. तसे नाही. बंदूक बाळगण्याचा परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली मिळतो. उभ्या पिकाची नासधूस करणारे जनावर मारण्याची लेखी परवानगी वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वनखात्याच्या अधिकाऱ्याकडून घ्यावी लागते. कागद दोन आहेत. पहिला हाती आहे म्हणून दुसऱ्यावाचून बार काढणारा माणूस गुन्हेगार ठरतो. वन्यजीव कायद्याखाली शिक्षा झाली, तर ज्या हत्याराने गुन्हा घडला त्याचा परवाना न्यायालय रद्द करू शकते आणि पाच वर्षे नवा परवाना मिळू नये असाही आदेश देऊ शकते.

घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे वाडीतले सरकारी कागद वाचायला माझ्याकडे येतात. गेल्या वर्षी शेजारचे एक तात्या असाच एक कागद घेऊन आले. परवाना निलंबित केला आहे, बंदूक जमा करावी, एवढाच मजकूर. कारण नाही. तात्या म्हणाले, "बाळा, बंदूक त्यांनीच दिली, त्यांनीच नेली. आपुन काय बोलनार?" मी ग्रंथालयात जाऊन शस्त्र कायदा काढला. कलम १७ मध्ये परवाना कोणकोणत्या कारणांनी निलंबित किंवा रद्द करता येतो ते दिले आहे. अटींचा भंग, खोटी माहिती देऊन मिळवलेला परवाना, सार्वजनिक शांततेस धोका, अशी ती कारणे. यांपैकी एक तरी असावे लागते. अधिकाऱ्याने ते लेखी नोंदवावे लागते आणि परवानाधारकाने मागितल्यास त्याचा थोडक्यात उतारा द्यावा लागतो. सार्वजनिक हिताच्या आड येत असेल तरच नकार देता येतो. 'मागितल्यास' हा शब्द मी दोनदा वाचला. न मागणाऱ्याला कायदाही देत नाही!

कलम १८ मध्ये अपील आहे. ते ठरलेल्या मुदतीत करावे लागते, आणि अपील करणाऱ्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्यावाचून ते निकालात काढता येत नाही. मात्र अपील चालू असताना, वरिष्ठांनी वेगळे सांगितले नाही तर, मूळ आदेश लागू राहतो. म्हणून त्या काळात बंदूक जवळ ठेवणे धोक्याचे. शिक्षा झाली म्हणून न्यायालयाने परवाना रद्द केला असेल आणि पुढे ती शिक्षाच रद्द ठरली, तर परवान्यावरचा आदेशही आपोआप निरर्थक होतो. तात्यांनी बंदूक जमा करून पावती घेतली, लेखी कारण मागितले, मुदतीत अपील केले. निकाल अजून यायचा आहे.

मासेमारीचे उदाहरण याहून मोठे आहे. महाराष्ट्राच्या आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर पेंच नदीवर तोतलाडोहचा जलाशय आहे. राष्ट्रीय उद्यानासाठी जंगलातून बाहेर पडावे लागलेल्या आदिवासींना मध्य प्रदेशच्या वनखात्याने ३० मे १९९६ रोजी या जलाशयात मासेमारीचे ३०५ परवाने दिले. पर्यावरणासाठी झटणाऱ्या वकिलांच्या एका संस्थेने त्यांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. ५ मार्च १९९७ रोजी निकाल लागला. जंगल जपलेच पाहिजे, पण पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगलेल्यांच्या पोटाचाही विचार झाला पाहिजे, असे म्हणून न्यायालयाने परवाने राहू दिले. मात्र अटी कडक घातल्या. छायाचित्रासह ओळखपत्र हवे, उद्यानात इतरत्र फिरायचे नाही, काठावर चूल पेटवायची नाही, रोजच्या मासळीची नोंद झाली पाहिजे. जी नदी बापजाद्यांची होती तिच्यावर जाण्यासाठी ओळखपत्र लागावे, हे वाचताना मन खिन्न होते. तरीही परवाने टिकले ते उपजीविकेची बाजू न्यायालयापुढे आली म्हणून.

या सर्वांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. ऐकून घेतल्यावाचून कोणाचे काही काढून घेऊ नये. मनेका गांधी यांचे पारपत्र १९७७ साली कारण न देता जमा करून घेण्यात आले. त्यावरील २५ जानेवारी १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सरकारची कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे. पुढे १९८५ साली मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असे ठरले. दिल्लीतील पारपत्र आणि पासलीतील ठासणीची बंदूक यांना एकच तत्त्व लागू पडते. परवाना मिळालाच पाहिजे असा हक्क कोणाला नसेल; पण तो मनमानीने जाऊ नये, हा हक्क प्रत्येकाला आहे.

तेव्हा नोटीस आली की ती कोणत्या कलमाखाली आहे हे प्रथम पाहावे. ती मिळाल्याची तारीख लिहून ठेवावी. नूतनीकरणाच्या व जमा केल्याच्या पावत्या जपाव्यात. उत्तर लेखीच द्यावे व त्याची पोच घ्यावी. वकील परवडत नसेल तर १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्थापन झालेल्या तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व अल्प उत्पन्नाची माणसे यांना तेथे विनामूल्य साहाय्य मिळते.

माझी एक सूचना आहे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते करतो, बंधारे घालतो. त्या सात दिवसांतील एक संध्याकाळ गावच्या चावडीवर बसून लोकांचे कागद वाचून दाखवण्यासाठी ठेवावी. अपिलाची मुदत संपण्याच्या आत कोणीतरी तो कागद वाचलेला असला, तरी पुष्कळ काम होईल.