अनोळखी चेहरा आणि छायाचित्रकाराचे धैर्य

शासकीय कार्यक्रमांची छायाचित्रे विपुल निघतात. परंतु त्यांत बहुधा व्यासपीठ दिसते, समोरचा माणूस दिसत नाही. अनोळखी व्यक्तीसमोर कॅमेरा धरण्याचा संकोच, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. हा संकोच सरावाने जातो.

आषाढीची वारी ही त्यासाठी उत्तम पाठशाळा आहे. तेथे परस्परांना ‘माउली’ म्हणण्याचा प्रघात आहे. प्रथम कॅमेरा पिशवीतच ठेवून दिंडीबरोबर काही अंतर चालावे. विसाव्याच्या ठिकाणी ‘माउली, गाव कोणते?’ अशी विचारपूस करावी आणि मग छायाचित्राची अनुमती मागावी. नकार मिळाल्यास नमस्कार करून पुढे जावे. त्यात अपमान मानू नये.

विख्यात फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकीत व प्रामुख्याने ५० मिलिमीटरचे भिंग वापरीत. या भिंगाने माणूस टिपावयाचा तर त्याच्या जवळ जावेच लागते.

चंद्रभागेत स्नान करणाऱ्या स्त्रिया, थकून निजलेले वृद्ध यांच्यासमोर मात्र कॅमेरा उचलू नये. छायाचित्राची प्रत देण्याचा शब्द दिला असल्यास तो अवश्य पाळावा. ती प्रत घरी पोहोचली, की पुढील खेपेस अनुमती मागण्याचा संकोच उरत नाही.