‘वारी’ शब्दाचे कूळ

माउलींनो, तिरुपतीला जाऊन आलेले आपले वारकरी मोठ्या आनंदाने सांगतात, “महाराज, तिथेही वारी आहे! डोंगर चढायच्या वाटेला ‘श्रीवारी मेट्टु’ म्हणतात.” आनंद खरा, पण ही ती वारी नव्हे. तेलुगूत ‘वारु’ हे आदरार्थी सर्वनाम आहे. त्याची षष्ठी ‘वारि’. श्रीवारि म्हणजे श्रींचे, मेट्टु म्हणजे पायरी. श्रींच्या पायऱ्या, इतकेच.

मग आपली वारी कुठली? कोणी ‘वारि’ म्हणजे पाणी असे धरून श्रोत्यांना चंद्रभागेत उतरवतात. ऐकायला गोड, व्याकरणाला मात्र मानवत नाही. पाण्याचा ‘वारि’ नपुंसकलिंगी आणि ऱ्हस्व इकारान्त. दीर्घ ‘वारी’ अमरकोशात आहे, पण तिथे अर्थ हत्ती बांधण्याची जागा! मन हाच हत्ती, असे म्हणून कोणी तेही जुळवील. जुळवो बापडा.

आपला शब्द आला संस्कृत ‘वार’ यावरून. वार म्हणजे खेप, क्रमाने येणारी वेळ. ‘वारंवार’ त्यातलाच. सोमवार-मंगळवारही त्यातलेच. कानडीत तर सबंध आठवड्यालाच ‘वार’ म्हणतात. गुजरातीत ‘वारो’, हिंदीत व-चा ब होऊन ‘बारी’. ही सगळी एका घरची भावंडे. हिंदीतले ‘वारी जाऊँ’ मात्र निराळे. ते ‘वारना’चे, म्हणजे जीव ओवाळून टाकणे. अर्थ आपल्याला जवळचा, कूळ दुसरे. नऊवारी लुगड्यातला वार पोर्तुगीजांच्या ‘वारा’ या मापाचा. आणि जानेवारीची वारी लॅटिन! तिच्याशी पंढरीचा काही संबंध नाही.

कूळ कळले की अर्थ पक्का होतो. एकदा पंढरीस जाऊन आला तो यात्रेकरू; आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री यांतली धरलेली खेप जो मोडीत नाही तो वारकरी. म्हातारी माणसे विचारतात, “पाय चालत नाहीत, गाडीने गेलो तर वारी झाली का?” पायी चालण्याचा महिमा मोठाच आहे. पण शब्दात चालणे कुठे आहे? शब्दात खेप आहे. २०२० साली करोनामुळे पायी सोहळा झाला नाही, संतांच्या पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. तेव्हाही पुष्कळांनी हेच विचारले होते. झाली, माउली, वारी झाली. खेप चुकली नाही.