पुण्याच्या पेठा पायी पाहायच्या तर खर्च किती?

शनिवारवाडा ते केळकर संग्रहालय हा पट्टा एका दिवसात पायी पाहायला माणशी चारशे रुपये पुरतात, आणि त्यातले जवळपास निम्मे खाण्यावर जातात. तिकीट लागतं अशी ठिकाणं मोजकीच आहेत. तरीही अनेक कुटुंबं गाडीभाडं, पार्किंग आणि रिक्षा यांत हजार-दीड हजार घालवतात आणि पाहून येतात फक्त शनिवारवाडा.

तेव्हा पहिला सल्ला असा की, गाडी पेठेत आणू नका. लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता, शिवाजी रस्ता इथे सम-विषम तारखेचं पार्किंग सांभाळण्यातच अर्धी सकाळ जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये कसबा पेठ आणि मंडई ही मेट्रो स्थानकं सुरू झाली आणि हा प्रश्न सुटला. पुणे स्टेशनवर उतरलात तर जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलून कसबा पेठेला या. मेट्रोचं तिकीट अंतराप्रमाणे १० ते ३५ रुपये आहे. कसब्यात उतरून चालायला लागायचं आणि परत मंडई स्थानकातून जायचं. आलेली वाट पुन्हा तुडवावी लागत नाही. गाडी आणणं भागच असेल तर मंडईजवळच्या बहुमजली वाहनतळावर सकाळी लवकर लावा आणि संध्याकाळपर्यंत हलवू नका.

सुरुवात सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीपासून करा. कसबा पेठ स्थानकापासून रमतगमत पंधरा-वीस मिनिटं. तिकीट नाही, गर्दी नाही आणि माझ्या मते अख्ख्या फेरीतली सर्वांत मोलाची पंधरा मिनिटं इथलीच. १७५४ मध्ये भीमगीरजी गोसावी यांनी हे देऊळ बांधायला घेतलं. आत मोरावर बसलेला, तीन सोंडांचा, सहा हातांचा गणपती आहे. पण घाईने आत शिरू नका. काळ्या दगडाच्या दर्शनी भिंतीवर खालच्या बाजूला बारकाईने पाहा. इंग्रज शिपाई गेंड्याला साखळदंडाने बांधताना कोरले आहेत. इंग्रजांनी बंगाल-आसामकडचा मुलूख ताब्यात घेतला, त्याचं हे चित्र असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. पुण्यात पेशवाई चालू असताना कोणा पाथरवटाने हे कोरलं, हे लक्षात घेऊन ते पाहा. सकाळी उजेड चांगला असतो आणि फोटोही नीट येतो.

तिथून कसब्याकडे वळताना तांबट आळी लागते. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ठोके मारून मठारकाम करणारे कारागीर इथे अजून आहेत. ठोके ऐकायचे तर कामाच्या वारी या. भांडं घ्यायचं असेल तर तांब्याचा किलोचा भाव आणि मजुरी वेगवेगळी विचारा. भाव रोज बदलतो, मजुरी कामावर ठरते. वजनकाट्यावर भांडं ठेवायला सांगा, त्यात कोणाला राग येत नाही. मजुरीत मात्र घासाघीस करू नये. एकेक ठोका हाताने बसलेला असतो आणि यंत्राच्या भांड्याशी त्याचा भाव लावणं बरोबर नाही.

कसबा गणपती, मग लाल महाल. आजची लाल महालाची इमारत महापालिकेने विसाव्या शतकाच्या अखेरीस बांधली आहे. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शायिस्तेखानावर छापा पडला तो वाडा हा नव्हे, हे मुलांना आधीच सांगा. वेळ कमी असेल तर बाहेरून पाहून पुढे गेलात तरी चालेल.

शनिवारवाड्याचं तिकीट भारतीयांना २५ रुपये, ऑनलाइन काढलं तर २०. पंधरा वर्षांखालील मुलांना लागत नाही. पायाभरणी १० जानेवारी १७३० ची, आणि १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला. म्हणून आत गेल्यावर महाल शोधू नका, राहिली आहेत ती जोती. दिल्ली दरवाज्याचे हत्तीला अडवणारे खिळे, नगारखान्यावरून दिसणारी पेठ आणि सोळा पाकळ्यांचं हजारी कारंजं, एवढं मन लावून पाहायला तास लागतो. नवाच्या सुमाराला पोचा, दुपारी सावली नाही. पाण्याची बाटली घरून भरून आणा.

पुढचा टप्पा पूर्ण फुकट आहे: दगडूशेठ, नाना फडणवीसांचा बेलबाग, १७६१ साली नारो आप्पाजींनी उभारायला घेतलेलं तुळशीबागेतलं राममंदिर. देवळाभोवतीचा बाजार हीच इथली खर्चाची जागा. खरेदी करायचीच असेल तर शेवटी करा, पिशव्या घेऊन फिरणं होत नाही.

मंडईची अष्टकोनी मनोऱ्याची इमारत १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ म्हणून उघडली. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी या बांधकामाला विरोध केला होता. एवढा पैसा शिक्षणावर खर्चावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव दिलं गेलं. फुले दांपत्याने १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली तो भिडेवाडा जवळच होता. जुनी वास्तू २०२३ च्या डिसेंबरात पाडली गेली.

आता मिसळ किंवा थालीपीठ, वर चहा. माणशी दीडशे ते दोनशे धरा. जेवण झालं की विश्रामबागवाड्याचे सुरूच्या आकाराचे लाकडी खांब रस्त्यावरून पाहा आणि उरलेली दुपार बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाला द्या. तिकिटासाठी माणशी शंभर रुपये बाजूला ठेवा. पैसे वाचवायचे म्हणून ही जागा गाळू नका. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेले अडकित्ते, दिवे, दौती, वाद्यं १९७५ मध्ये शासनाला देऊन टाकली आणि संग्रहालयाला आपल्या गेलेल्या लहान मुलाचं नाव दिलं. दोन तास लागतातच.

आई-वडील आणि दोन शाळकरी मुलं असा हिशेब केला तर मेट्रो दीडशेच्या आसपास, शनिवारवाडा ५०, संग्रहालय दोनशे ते तीनशे, खाणं सातशे. बाराशेच्या आत सगळं बसतं. वाटाड्यासह फेरी घेतली तर माणशी काही शे रुपये वाढतील. इतिहासाची विशेष गोडी असेल तर ते वाया जात नाहीत, पण पहिल्या खेपेला गरज नाही.

गणेशोत्सवाचे दहा दिवस आणि अंगारकी टाळा. त्या दिवसांत दर्शन होतं, शहर पाहून होत नाही. निघण्याआधी तिकिटांचे दर आणि सुट्टीचे वार एकदा तपासून घ्या.