वाढते शहर आणि नियोजनाचे गणित : फुलपाड्याच्या निमित्ताने

शहराची लोकसंख्या दोन मार्गांनी वाढते : जन्म-मृत्यूंतील फरकाने आणि बाहेरून येणाऱ्या माणसांमुळे. वसई-विरारच्या वाढीत दुसऱ्या मार्गाचा वाटा मोठा आहे. १८६७ साली विरारहून मुंबईकडे लोकलगाडी सुरू झाली. पुढे मुंबईत घर परवडेनासे झालेल्या श्रमिकांनी याच लोहमार्गाच्या आधाराने नालासोपारा-विरारला बिऱ्हाड केले. आपल्यापैकी अनेकांची कुटुंबे याच वाटेने येथे आली.

१९९० मध्ये या उपप्रदेशासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. विकास आराखडा मात्र २००७ साली मंजूर झाला. मधल्या सतरा वर्षांत माणसांचे येणे थांबले नव्हते. घरे आधी उभी राहिली. रस्ते, गटारे आणि जलवाहिन्या मागाहून त्यांचा माग काढत आल्या. महानगरपालिका स्थापन झाली ती २००९ मध्ये.

नियोजनाचे मूळ सूत्र सोपे आहे : माणसे किती, प्रत्येकाची गरज किती, साधने किती? पाण्याचेच उदाहरण घेऊ. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२,२२,३९० होती. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे प्रचलित प्रमाण धरल्यास दररोज सुमारे साडेसोळा कोटी लिटर पाणी लागते, तेही गळती न धरता. फुलपाड्यालगतच्या पापडखिंड धरणाची क्षमता दररोज सुमारे १० लाख लिटर, म्हणजे जेमतेम ७,४०० माणसांपुरती. म्हणून शहराची भिस्त दूरच्या सूर्या प्रकल्पावर आहे. त्याच पाण्यावर डहाणू-पालघर परिसरातील आदिवासी शेतकऱ्यांचाही हक्क आहे, हे आपण विसरू नये.

पाणी कमी पडते तसेच ते तुंबतेही. तुंगारेश्वरच्या डोंगरांवरून उतरणारे पाणी सखल भागातून खाड्यांकडे जाते. त्याच्या वाटेतील पाणथळ जागा आणि बावखले बुजवली, तर ते घरात शिरणारच. जुलै २०१८च्या पुराने हा धडा दिला.

या सर्व हिशेबाचा पाया जनगणना होय. २०२१ची जनगणना वेळेवर झाली नाही. त्यामुळे जुन्या आकड्यांवर आजच्या शहराचा भार पडला. चाळीतले भाडेकरू, कामासाठी आलेले मजूर मोजणीतून निसटले, तर त्यांच्या वाट्याचे पाणी, शाळा आणि दवाखानेही कागदावर येत नाहीत. पालिकेतील अनुसूचित जातींच्या राखीव जागाही लोकसंख्येच्या प्रमाणातच ठरतात.

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सार्वजनिक पाण्यावरील समान हक्क प्रस्थापित केला. शहरात तो हक्क नळापर्यंत पोहोचवण्याचे साधन म्हणजे नियोजन. म्हणून प्रगणक दाराशी आल्यावर घरातील प्रत्येकाची नोंद करावी, घर घेताना बांधकाम परवानगी व भोगवटा प्रमाणपत्र तपासावे आणि विकास आराखडा प्रसिद्ध होताच मुदतीत लेखी हरकती-सूचना द्याव्यात. शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांनी या कामी वस्तीतील निरक्षर बांधवांना साह्य करावे. शिक्षणाचा तो खरा उपयोग ठरेल.