आधी दुखणं विचारा



वॉर्डात रुग्णभेटीला जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांसाठी हा पाठ आहे. तो मी स्वतःच्या चुकीतून शिकले, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

नाशिकच्या एका रुग्णालयात सुरगाण्याकडची एक आजी दाखल होती. तोंडाचा कर्करोग शेवटच्या टप्प्यात, गालावर जखम फुटलेली. जन्मभर मिश्री लावलेली. "आता काही करण्यासारखं नाही," असं मुलाला सांगितलं गेलं होतं. मी तीन दिवस रोज गेले. हात धरला, प्रार्थना केली, रेशनकार्ड आणि योजनेचे कागद बघितले. आजी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. मला वाटलं, तिने मनाची तयारी केली आहे. चौथ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "ताई, ती रात्रभर उशी आवळून बसून असते हो."

दुखतं का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर त्यांचं बरं चाललं होतं. धर्मशास्त्राची पदविका घेतलेली मी मात्र पहिल्या दिवसापासून बोलत होते.

आपल्या पाड्यांवरची माणसं दुखणं आपणहून सांगत नाहीत. डॉक्टर रागावतील, खर्च वाढेल, मुलाची मजुरी आधीच बुडते आहे, असे विचार मनात असतात. शून्य ते दहा आकड्यांत दुखणं सांगा म्हटलं तर म्हातारी माणसं गोंधळतात. मी विचारलं, "आजी, रुपयातलं किती दुखतं?" ती लगेच म्हणाली, "पंधरा आणे." पुढे विचारावं : ठणका आहे, आग आहे की कळ येते? रात्री वाढतं का? झोप लागते का? हे सगळं वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावं. औषध ठरवणं आपलं काम नाही. ही वही पोहोचवणं आहे.

मॉर्फीनचं नाव काढलं की घरचे घाबरतात. व्यसन लागेल, जीव लवकर जाईल, असं त्यांना वाटतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दुखण्याच्या मापाने दिलेल्या मॉर्फीनने असं सहसा होत नाही. साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ बघून द्यायची असते. दुखायला लागण्याची वाट पाहायची नसते. बद्धकोष्ठता मात्र बहुतेकांना होतेच, म्हणून जुलाबाचं औषध सोबतच मागून घ्यावं. (हे विसरलं की रुग्ण गोळीच बंद करतो.) जखमेच्या वासाने नातेवाईक दूर बसतात, त्यावरही इलाज आहे. सिस्टर मेट्रोनिडाझोलची पूड घालून ड्रेसिंग करतात, वास कमी होतो. आजीची सून त्यानंतर खाटेवर बसायला लागली.

या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. लंडनला 1967 साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. शरीर, मन, घर आणि श्रद्धा या चारही ठिकाणच्या दुखण्याला त्यांनी एकच नाव दिलं : संपूर्ण वेदना. आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, मुंबईत वांद्र्याला 1986 साली सुरू झालं. महाराष्ट्राने 2012 मध्ये याविषयी धोरण आणलं आणि आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरीकडे, ग्रामीण भागासाठी काम सुरू झालं. 2014 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, त्यामुळे मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फीन ठेवणं सोपं झालं. पण साध्या मेडिकलवर ते मिळेल असं धरून चालू नका. म्हणून डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच विचारा : गोळ्या किती दिवसांच्या, पुढच्या कोण आणणार, कुठून? गावच्या आशाताईंना फोन वॉर्डातूनच करा. सुरगाण्याची एसटी पकडल्यावर हे प्रश्न सुटत नाहीत.

आजीला गोळी पाण्यात विरघळवून दिली. दुसऱ्या रात्री ती झोपली. सकाळी मी गेले तेव्हा तोंड भिंतीकडे नव्हतं. रुपयातलं किती, विचारलं.

"चार आणे," म्हणाली, आणि मुलाकडे बघून नागलीची पेज मागितली.