पडदे निवडण्याआधी ऊन बघ

अगं, आधी एक श्वास घे. नवीन घराची किल्ली हातात आली की सगळं एकदमच अंगावर येतं, आणि त्यात हा पडदेवाला कॅटलॉगची बाडं घेऊन दारात उभा. रोलर, झेब्रा, रोमन, व्हेनेशियन, ब्लॅकआउट, वर ‘ताई, पूर्ण फ्लॅटचं एकदम केलंत तर स्वस्तात बसवून देतो’. त्याला चहा दे, आणि आठ दिवसांनी या म्हणून सांग. तू पगाराचा हिशोब ठेवतेस, लेकराची शाळा सांभाळतेस, तुला चार खिडक्या जड नाहीत. फक्त सुरुवात रंगापासून करू नकोस.

सुरुवात करायची ती उन्हापासून. मोबाइलमध्ये होकायंत्र असतं, ते घेऊन प्रत्येक खिडकीशी उभी राहा आणि कोणती खिडकी कुठल्या दिशेला आहे ते वहीत लिही. मग सकाळी, दुपारी, संध्याकाळी ऊन कुठल्या लादीपर्यंत येतं ते बघ. तोवर खिडकीला जुनी चादर किंवा साडी लाव. शेजारचे काय म्हणतील याची काळजी करू नकोस, नव्या सोसायटीत निम्म्या घरांची तीच अवस्था असते.

आता दिशांचं गणित बघ, कारण पैसे यावर ठरतात. पुण्यात मे महिन्याच्या मध्याला भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा ऊन शिरतच नाही, वरचा छज्जा सगळं अडवतो. तीच खिडकी डिसेंबरात मात्र ऊन आत घेते, कारण सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, आणि ते ऊन आपल्याला हवंच असतं, उशा-गाद्यांना, लोणच्याच्या बरणीला, म्हाताऱ्या माणसांच्या पाठीला. उत्तरेच्या खिडकीला दिवसभर शांत, सारखा उजेड. तिथं महागडं काही लावणं म्हणजे पैसे वाया. पूर्वेचं ऊन लवकर येतं आणि लवकर निघूनही जातं.

खरी त्रास देणारी खिडकी पश्चिमेची. दुपारी तीननंतर सूर्य खाली उतरतो, तिरपा होतो, आणि छज्ज्याच्या खालून सरळ पलंगावर येतो. छज्जा तिथं काही करू शकत नाही. भिंत तापते, गादी तापते, रात्री अकराला एसी लावला तरी खोली निवत नाही. तुझी बेडरूम पश्चिमेची आहे म्हणालीस ना? मग तुझ्या बजेटमधले सर्वांत जास्त पैसे त्या खिडकीवर जाऊ देत. हॉलमध्ये पाहुणे बसतात, पण झोपायचं तुला आहे.

खरं सांगू का, उष्णतेच्या बाबतीत आतला पडदा कितीही जाड घेतलास तरी त्याला मर्यादा आहे. ऊन काचेतून आत आलं की त्यातली बरीचशी उष्णता पडदा आणि काच यांच्या मधे कोंडते आणि हळूहळू खोलीत उतरते. म्हणून जुनी माणसं ऊन बाहेरच अडवायची. बांबूची चिकं गॅलरीला बाहेरून सोडायची, आणि विदर्भात तर वाळ्याचे ताटे लावून त्यावर पाणी मारायचं. ते पाणी वाऱ्यात उडून जाताना हवा गार करतं, सुगंध येतो तो वेगळाच. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय कमाल चालतो. मुंबईत, कोकणात मात्र तो करू नकोस, तिथं हवेत आधीच एवढं पाणी असतं की ताट्याचं पाणी वाळतच नाही, नुसता दमटपणा वाढतो. तुझ्या बेडरूमला लागून बाल्कनी आहे, तर तिथं बाहेरून बांबूचं चिक सोड. सोसायटीला आधी विचार, काही ठिकाणी बाहेरून काही लावू देत नाहीत. ते जमलं नाही तर आतून असा रोलर घे ज्याची काचेकडची बाजू पांढरी किंवा चंदेरी आहे. फिका रंग ऊन परत फेकतो. खोलीकडची बाजू तुला हवी ती घे, गडद निळी घेतलीस तरी हरकत नाही.

ब्लॅकआउटबद्दल एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. कापडातून उजेड येत नाही हे खरं, पण कडेच्या फटींतून येतो. रोलर चौकटीच्या आत बसवला की दोन्ही बाजूंना बोटभर फट राहते आणि पहाटेची रेघ नेमकी डोळ्यांवर पडते. म्हणून झोपायच्या खोलीत ब्लाइंड चौकटीच्या बाहेर, भिंतीवर बसव आणि दोन्ही बाजूंनी तीन-चार इंच जास्त रुंद घे. तुझा नवरा रात्रपाळी करतो, त्याला दिवसा झोपायचं असतं, तर रोलरवरून एक साधा जाड पडदाही असू दे. दोन्ही मिळून अंधार होतो, एकट्यानं होत नाही.

झेब्रा ब्लाइंड तुला आवडलंय ना? दिसतं छान, मान्य. त्यात जाळीदार आणि जाड पट्टे एकाआड एक असतात, दोन पदर एकमेकांवरून सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो. पण पूर्ण अंधार त्यानं होत नाही, आणि ते धुवायला भिजवता येत नाही. हॉलला एकवेळ चालेल, बेडरूमला नको. रोमनचं तसंच. कापड घड्या पडत वर जातं, फार सुबक दिसतं, पण वर गोळा झालेल्या घड्या खिडकीचा वरचा फूटभर भाग झाकून बसतात. तुझ्या मधल्या खोलीची खिडकी मुळातच ठेंगणी, तिथला उजेड आणखी का घालवायचा?

हॉलची खिडकी समोरच्या इमारतीकडे तोंड करून आहे, म्हणजे तिथला प्रश्न उन्हाचा नाही, डोळ्यांचा आहे. दुकानदार तुला सनस्क्रीन कापड दाखवेल, बारीक विणीचं, ज्यातून आपल्याला बाहेरचं दिसतं पण बाहेरच्याला आतलं दिसत नाही. ते दिवसा खरं असतं. रात्री तू दिवा लावलास की उलटं होतं, तुझा हॉल समोरच्यांना स्पष्ट दिसतो आणि तुला बाहेर फक्त काळोख. पातळ शीअर पडद्याचंही हेच. म्हणून हॉलला दुहेरी दांडी बसव, आत पातळ, बाहेर जाड. संध्याकाळी दिवे लागले की जाड पडदा ओढायचा. त्या सनस्क्रीन कापडावर १, ३, ५ असे टक्के असतात, ते विणीतल्या भोकांचं प्रमाण. आकडा जितका लहान, तितकं ऊन कमी आणि बाहेरचं दृश्यही कमी.

आणि कापडाचे पडदे शिवायला टाकताना शिंप्याला ‘खिडकीएवढं’ असं सांगू नकोस. चुण्या छान पडायच्या तर दांडीच्या रुंदीच्या दुप्पट कापड लागतं, अडीचपट असेल तर अजून भरदार. कापड वाचवलं की पडदा ओढल्यावर सपाट चादरीसारखा दिसतो. सुती घेत असशील तर शिवण्याआधी पाण्यातून काढून घे, नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल आणि जमिनीपासून वर उचलला जाईल. पावसाळ्यात सुती पडदे वाळत नाहीत, कुबट वास धरतात, कधी काळे ठिपके पडतात. जून लागला की ते धुऊन, कडक वाळवून ठेवून दे आणि चार महिने पॉलिएस्टरचे हलके लाव. आईकडे असंच व्हायचं, मला ती पद्धत अजूनही पटते.

स्वयंपाकघर. इथं मी हट्टानं सांगणार आहे, कापड नको. गॅसजवळ लोंबतं कापड म्हणजे आगीला आमंत्रण, आणि रोजच्या फोडणीचं तेल त्यावर बसून ते चिकट होतं ते वेगळंच. ओट्यासमोरची खिडकी उत्तरेची असेल तर काहीच लावू नकोस, काच स्वच्छ ठेव आणि उजेडात भाजी चिर. आडोसा हवाच असेल तर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं व्हेनेशियन लाव. साबणाच्या कोमट पाण्यात जुना मोजा पिळून हातात घालायचा आणि एकेक पट्टी पुसायची, आठवड्याला हे केलंस तर तेल घट्ट बसत नाही. लाकडी पट्ट्या इथं आणि बाथरूममध्ये नकोत, त्या वाकतात. बाथरूमला तर काचेवर दुधी फिल्म पुरे.

तू घरून काम करतेस त्या कोपऱ्यालाही व्हेनेशियनच. स्क्रीनवर उजेड चमकतो म्हणून लोक पडदा बंद करून भर दिवसा ट्यूबलाइट लावतात. पट्ट्या जरा वरच्या बाजूला तिरप्या कर, उजेड छताकडे जातो आणि तिथून मऊ होऊन खाली येतो. डोळ्यांना बरं वाटतं, बिलही वाचतं.

आता ज्याची मला खरंच काळजी आहे ते ऐक. तुझी चिमुरडी दीड-दोन वर्षांची. ब्लाइंडच्या बाजूला लोंबणारी दोरी किंवा मण्यांची साखळी लहान मुलाच्या गळ्यात अडकू शकते, आणि हे फार कमी वेळात, आवाज न होता घडतं. अशा मृत्यूंमुळे अमेरिकेत डिसेंबर २०१८पासून तयार ब्लाइंडसाठी दोरीविना किंवा हाताला न लागणाऱ्या दोरीचा दंडक आला. आपल्याकडे दुकानदार आपणहून बोलत नाही, तूच विचार. मुलीच्या खोलीत आणि ती जिथं खेळते तिथं बिनदोरीचं, खालची पट्टी धरून वर-खाली करायचं ब्लाइंड घे. साखळीचं घ्यावंच लागलं तर साखळी भिंतीला ताणून पक्की बसवायची क्लिप मिळते, ती बसवल्याशिवाय कारागिराला पैसे देऊ नकोस. आणि खिडकीखाली पलंग, खुर्ची, खेळण्यांची पेटी काही ठेवायचं नाही. यात थोडे पैसे जास्त गेले तर जाऊ देत गं.

मापं तू स्वतः घे, मग दुकानदारालाही घेऊ दे आणि दोन्ही ताडून बघ. लोखंडी टेप वापर, शिवणाचा फितीचा टेप ताणला जातो. चौकटीच्या आत बसवायचं असेल तर रुंदी वर, मधे, खाली अशी तीनदा मोज आणि सर्वांत कमी भरेल ती धर, कारण आपल्या भिंती कधीच सरळ नसतात. रुंदी आधी लिही, उंची नंतर, आणि इंच की मिलिमीटर ते शेजारीच लिही. सरकत्या खिडकीची कडी, मच्छरजाळी, आतून बसवलेली ग्रिल ही मधे येतात का ते बघून घे. नव्या फ्लॅटमध्ये खिडकीला ग्रॅनाइटची चौकट असते, तिच्यात भोक पाडू देऊ नकोस, ती तडकते. वर भिंतीत काँक्रीटची लिंटेल असते, तिथं पकड भक्कम मिळते, फक्त कारागिराकडे हॅमर ड्रिल हवं. ही भोकं रंगाच्या शेवटच्या हाताआधी पाडून घे. पीओपी करणार असशील तर पेल्मेटची जागा आत्ताच सोडायला सांग, दुहेरी दांडीला सहा ते आठ इंच खोली लागते.

भाव चौरस फुटावर सांगतात. लहान खिडकीला कमीत कमी किती चौरस फूट धरणार, बसवण्याचे पैसे वेगळे का, आणि यंत्रणा बिघडली तर किती वर्षं दुरुस्ती, हे तिन्ही प्रश्न विचार आणि उत्तरं बिलावर लिहून घे. कापडाचा नमुना घरी आण, खिडकीला धरून दुपारीही बघ आणि रात्री दिव्यातही. दुकानातल्या पांढऱ्या झगझगाटात सगळेच रंग चांगले दिसतात.

सगळ्या खिडक्या एकदम करायची सक्ती कुणी केलेली नाही, बघ. पश्चिमेची बेडरूम आणि मुलीची खोली या महिन्यात कर. हॉल दिवाळीआधी झाला तरी चालेल, आणि स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेची असेल तर उघडीच राहू दे. रविवारी मापं घेऊन मला फोन कर, त्या पडदेवाल्याशी मीच बोलते.